सही कोणाची?



हा अंक आपण ‘सत्तेतल्या बायका’ या विषयासाठी राखून ठेवला आहे. विषय ठरला तेव्हा संपादकीयात कोणाबद्दल लिहायचे यावर आमच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. मी प्रतिभाताई पाटलांचे नाव सुचवले, तर दोघीतिघींनी नाक मुरडले. “त्यांचा आणि स्त्री चळवळीचा काय संबंध?” असे एकीने स्पष्टच विचारले. याच प्रश्नावर मी लिहायचे ठरवले. संबंध का नव्हता, आणि नव्हता त्यात आपला वाटा किती, हे आपण कधी नीट तपासलेले नाही.

सुरुवात एका शिबिरापासून करते. मी जळगाव जिल्ह्यात ग्रामपंचायतीतल्या महिला सदस्यांबरोबर काम करते. एका तालुक्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचे दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. वर्गाच्या भिंतीवर भारताच्या राष्ट्रपतींचा तक्ता लावलेला होता. जेवणाच्या सुट्टीत काही जणी त्यातल्या बायका मोजत होत्या. मोजायला फार वेळ लागला नाही. एक सरपंच, वय तीसच्या आतबाहेर, तक्त्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, ह्या आपल्याच बोदवडकडच्या ना? मग यांच्या सह्या कोण करत होतं?”

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिने विचारलेला प्रश्न तिच्या रोजच्या जगण्यातला होता. ग्रामपंचायतीचे पैसे काढायला आता सरपंचाची डिजिटल सही लागते. ती सही बोटाएवढ्या एका डोंगलमध्ये असते. तिचा डोंगल तिच्या नवऱ्याच्या खिशात असतो. “पहिले निदान माझा अंगठा तरी माझ्या हाताला होता,” ती म्हणाली. “आता सहीच घराबाहेर फिरते.”

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आज प्रयत्न करते.

प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. वडील वकील. शिक्षण जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात, पुढे एम. ए. आणि मुंबईला कायद्याची पदवी. कॉलेजात टेबल टेनिसमध्ये त्यांनी नाव कमावले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा त्या जळगावातून आमदार झाल्या. वय २७, लग्न व्हायचे होते. त्या काळात खान्देशातल्या किती घरांतून अविवाहित मुलगी मतांसाठी गावोगाव फिरू शकली असती? हे धाडस त्यांचे स्वतःचे होते. ते आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१९६५ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९६७ पासून एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, या मतदारसंघातून त्या सलग चार वेळा निवडून आल्या. उपमंत्री झाल्या, १९७२ मध्ये कॅबिनेट मंत्री झाल्या. त्यांच्याकडे आलेली खाती पाहा: सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, समाजकल्याण, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य, शिक्षण, नागरी पुरवठा. मध्ये १९८२-८३ मध्ये नगरविकास आणि गृहनिर्माण. गृह, अर्थ, महसूल, पाटबंधारे, सहकार यांतले एकही खाते नाही. मंत्रिमंडळाच्या घरातही बाईच्या वाट्याला आजारपण, शाळा, रेशन आणि सणवार आले. तिजोरी, जमीन, पाणी आणि पोलीस पुरुषांकडे राहिले. आपल्या घरातली कामाची वाटणी आपण ओळखतो. मंत्रालयातली वाटणी ओळखायला आपल्याला वेळ लागला, एवढेच.

त्याच वर्षांत बाहेर काय चालले होते? १९७२ च्या मार्चमध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर हजारो बायका खडी फोडत होत्या. मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. रॉकेल, धान्य, पाणी हे विषय त्यांनी स्वयंपाकघरातून उचलून मंत्रालयाच्या दारात नेले. समाजकल्याण खात्याची मंत्री एक बाई होती आणि बायकांचे मोर्चे सरकारवर येत होते. दोन्ही बाजूंना बायकाच होत्या. त्यांच्यात संवादाचा पूल मात्र बांधला गेला नाही.

आणीबाणीत या दुराव्याचे रूप जास्त कठोर झाले. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. तसे करणारे हे देशातले पहिले राज्य. प्रतिभाताई त्या काळात राज्य मंत्रिमंडळात होत्या. शरीरावरच्या हक्काचा प्रश्न आपण पुढे कितीतरी वेगळ्या संदर्भांत लढलो. तो त्या वेळी विधिमंडळात आला होता आणि आत बसलेल्या बाईचा वेगळा आवाज उमटला नाही. नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. सही न होण्यातही ताकद असते ती अशी.

आता १९७९-८० कडे येऊ. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला खरा वळणाचा टप्पा हा आहे. काँग्रेस फुटली होती, राज्यात पुलोदचे सरकार होते, आणि अनेक जण सोडून जात असताना प्रतिभाताई इंदिरा गांधींबरोबर राहिल्या. जुलै १९७९ पासून त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. पडत्या काळात पक्ष सांभाळला. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झाले, निवडणुका झाल्या, त्यांचा पक्ष जिंकला. ज्याने विरोधात असताना पक्षाची बाजू लढवली, त्याच्याकडे जिंकल्यावर मुख्यमंत्रिपद यावे, अशी कोणाचीही अपेक्षा असते. मुख्यमंत्री झाले बॅरिस्टर अंतुले. पुढच्या पाच वर्षांत बाबासाहेब भोसले आले, वसंतदादा आले. प्रतिभाताई १९८२ मध्ये मंत्रिमंडळात परतल्या त्या मंत्री म्हणून.

मैत्रिणींनो, महाराष्ट्राने देशाला पहिली महिला राष्ट्रपती दिली. स्वतःला मात्र राज्य स्थापन झाल्यापासून महिला मुख्यमंत्री दिलेली नाही. तमिळनाडूने दिली, उत्तर प्रदेशाने दिली, दिल्लीने, राजस्थानने, बंगालने दिली. फुले, आगरकर, कर्वे यांची नावे घेऊन भाषणे सुरू करणाऱ्या आपल्या राज्याने दिली नाही. बाईला वर जायला शिडी मिळाली, पण जिथे पोलिसांच्या बदल्या होतात, जमिनीचे आरक्षण उठते आणि कारखान्यांची कर्जे मंजूर होतात, ती खुर्ची टाळून ही शिडी लावलेली होती.

पुढचा प्रवास त्याच शिडीचा आहे. १९८५ मध्ये राज्यसभा, १९८६ ते १९८८ राज्यसभेच्या उपसभापती, मग प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षा, १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभा. उभ्या राहिल्या ती निवडणूक त्या जिंकल्या. १९९६ नंतर मात्र आठ वर्षे कोणतेही मोठे पद त्यांच्याकडे नव्हते. नोव्हेंबर २००४ मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या.

शिबिरातल्या त्या सरपंचबाईला मी राजस्थानमधली एक गोष्ट आता नक्की सांगेन. २००६ मध्ये तिथल्या विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर करून राज्यपालांकडे पाठवले. प्रतिभाताईंनी त्यावर सही केली नाही. धर्मस्वातंत्र्याच्या हक्कावर त्याने गदा येते, असे म्हणून ते परत पाठवले. राजकारणी बोलतील की, केंद्रात त्यांच्या पक्षाचे सरकार होते आणि राज्यात विरोधकांचे, म्हणून हे धैर्य सुचले. असेलही. तरी एका बाईने कागद वाचला, त्यात काय आहे ते समजून घेतले आणि सही नाकारली, ही गोष्ट उरतेच. ज्या बाईला ठराव वाचायला न देता ‘इथे सही कर’ म्हटले जाते, तिला या गोष्टीचे मोल आपल्यापेक्षा जास्त कळेल.

२००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी आधी पुरुषांची नावे चर्चेत होती. त्यांवर आघाडीत एकमत होईना, तेव्हा प्रतिभाताईंचे नाव पुढे आले. पुढचा महिनाभर जे लिहिले-बोलले गेले ते आठवून पाहा. त्यात दोन तऱ्हेच्या गोष्टी होत्या आणि त्या आपण वेगळ्या करायला हव्या होत्या. काही प्रश्न रास्त होते. जळगावात त्यांच्याच नावाची महिला सहकारी बँक होती. रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये तिचा परवाना रद्द केला. नातेवाइकांना कर्जे दिल्याचे आरोप झाले. बायकांची म्हणून काढलेली बँक बुडते तेव्हा बायकांचा विश्वासही बुडतो, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. मुघलांच्या आक्रमणांमुळे पडदा आला, असे विधान त्यांनी उदयपूरच्या कार्यक्रमात केले, त्यावर इतिहासकारांनी आक्षेप घेतले तेही योग्यच होते. पडदा संपला पाहिजे हे त्यांचे म्हणणे आपलेही. पण त्याचे खापर एका धर्मावर फोडून पुरुषसत्ता सुटून जाते, हे आपण सांगायला हवे होते.

दुसऱ्या तऱ्हेच्या गोष्टी मात्र निव्वळ बाईपणावरच्या होत्या. डोक्यावरचा पदर, बोलण्याची ढब, ‘कोण ही?’ असा तुच्छ सूर. चार दशके निवडून आलेल्या, विरोधी पक्षनेतेपद भूषवलेल्या माणसाला पुरुष असता तर ‘अनुभवी’ म्हटले असते. बाईला ‘निष्ठावंत’ म्हटले. निष्ठेवर वर जाणारे पुरुष दिल्लीत कमी आहेत का? त्यांना रबरी शिक्का कोणी म्हणत नाही.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. २५ जुलै २००७ ला आमच्या गावात पेढे वाटले गेले. शपथविधी टीव्हीवर बघताना माझी आई एवढेच म्हणाली, “आता हिला होस्टेलला पाठवायला काय हरकत आहे?” वडील काही बोलले नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात माझा प्रवेश झाला. एम. एस. डब्ल्यू.पर्यंत मी पोहोचले त्याला त्या एका वाक्याचा हात लागलेला आहे. म्हणून ‘पहिली महिला’ या शब्दांना नुसते शोभेचे म्हणताना माझी जीभ अडखळते. भिंतीवरच्या तक्त्यात एक लुगड्यातली बाई दिसण्याने खरोखर काहीतरी हलते. २००९ मध्ये पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून त्या सुखोई लढाऊ विमानात बसल्या, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. तो फोटो मी आजही शिबिरात दाखवते.

पण फोटो दाखवून झाल्यावर काय सांगायचे? राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावे लागते, ही घटनेतली गोष्ट आहे. दयेच्या अर्जांचा वाद आठवा. सुमारे तीस-पस्तीस जणांची फाशी त्यांच्या कारकिर्दीत जन्मठेपेत बदलली. त्यांत लहान मुलींवर बलात्कार आणि खून करणारेही होते. फाशी नको, हे आपल्यातल्या अनेकींचे मत आहे. पण गृहखात्याची शिफारस होती हे बाजूलाच राहिले, आणि ‘बाई असून असे केले’ म्हणून सगळा राग एका बाईवर निघाला.

सगळ्यात बोलकी गोष्ट महिला आरक्षणाची. ४ जून २००९ ला संसदेपुढच्या अभिभाषणात राष्ट्रपती प्रतिभाताईंनी हे विधेयक लवकरात लवकर मंजूर करण्याचा सरकारचा संकल्प वाचून दाखवला. पहिल्या शंभर दिवसांच्या कामांत त्याचा समावेश होता. त्या वर्षी लोकसभेच्या अध्यक्षपदी मीरा कुमार आल्या. सत्ताधारी आघाडीच्या प्रमुख सोनिया गांधी होत्या. वर्षअखेरीस विरोधी पक्षनेतेपदी सुषमा स्वराज आल्या. चार मोठ्या खुर्च्यांवर चार बायका! ९ मार्च २०१० ला राज्यसभेत विधेयक मंजूर झाले आणि लोकसभेच्या दारात अडकले. तिथे मतदानच झाले नाही, आणि २०१४ मध्ये ते संपले. पुढे २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांना बांधून.

याचा अर्थ बायका सत्तेत जाऊन उपयोग नाही, असा काढायचा का? मला तसे वाटत नाही. मला दुसरे एक आयुष्य त्याच्याशेजारी ठेवून पाहावेसे वाटते. मृणालताई गोरे आमदार झाल्या, खासदार झाल्या, मंत्री कधी झाल्या नाहीत. पण गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी विधानसभेत खासगी विधेयक मांडले तेव्हा बाहेर मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्ते मोहीम चालवत होते. १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. मृणालताईंच्या मागे चळवळ होती, हातात खुर्ची नव्हती. प्रतिभाताईंच्या हातात खुर्च्या होत्या, मागे बायकांची संघटना नव्हती, पक्षश्रेष्ठी होते. ज्याने पद दिले त्याच्याकडे माणूस पाहतो. बायकांनी दिलेच नव्हते, तर बायकांकडे पाहायचे कशाला? ही दोन आयुष्ये एकाच सभागृहात शेजारी शेजारी वावरली आणि कधी एकमेकांना जोडली गेली नाहीत, हे आपल्या राज्यातल्या बायकांचे मोठे नुकसान आहे.

इथे आपण आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे. सत्तेतल्या बाईला आपण एक तर हारतुरे घालतो, नाही तर ‘ती त्यांचीच’ म्हणून सोडून देतो. पक्षाचे राजकारण नको, ही भूमिका घेताना आपण पक्षातल्या बायकांनाही नको म्हटले. मंत्री बाईकडे आपण निवेदन घेऊन जातो, फोटो काढतो, परत येतो. पुन्हा सहा महिन्यांनी ‘निवेदनाचे काय झाले’ विचारायला किती जणी जातो? प्रतिभाताई चार वेळा एदलाबादमधून निवडून आल्या. त्या काळात तिथे एखादी स्त्री संघटना दर वर्षी त्यांना हिशोब विचारायला उभी असती, तर चित्र वेगळे झाले असते का, मला सांगता येणार नाही. पण तो प्रयोग करून पाहायला हवा होता.

आता करून पाहू. लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा जेव्हा येतील तेव्हा येतील. ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत निम्म्या जागा आपल्या राज्यात २०११ पासून बायकांच्या आहेत. म्हणजे हजारो प्रतिभाताई आज आपल्या आसपास आहेत, कोणाचे तरी लक्ष जाईल म्हणून वाट पाहत. प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या पाच महिला सदस्य निवडाव्यात, पक्ष कोणताही असो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती खरोखर होते का ते पाहावे आणि तिथे आपण हजर असावे. पंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. त्याचा हिशोब सदस्यबाईने मागावा, आणि ती मागेल तेव्हा तिच्या मागे वीस बायका बसलेल्या असाव्यात. तिने चूक केली तर तिलाही जाब विचारावा. नुसती साथही नको आणि नुसता जाबही नको, दोन्ही एकदम हवे.

त्या सरपंचबाईचे पुढे काय झाले ते सांगते. शिबिर संपल्यावर आम्ही सात जणी तिच्या गावाला गेलो. महिला सभा लावली. चाळीसच्या वर बायका आल्या. तिच्या सासूने सगळ्यांसमोर मुलाला हाक मारून सांगितले, “तिची वस्तू तिला दे.” त्याने डोंगल टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो परत त्याच्या खिशात गेला, असे तिने फोनवर सांगितले. आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. त्यानंतर पुन्हा गेलो. सध्या डोंगल तिच्या पेटीत आहे आणि किल्ली तिच्या गळ्यात.

तुमच्या भागातल्या सह्यांची हकिकत आम्हाला लिहून कळवा. जमलेले कळवा, फसलेलेही कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पाने ठेवली आहेत.

आपली,
संपादक मंडळासाठी